"माका आता जमाचा नाय": साथीच्या काळात रुग्णालयातली माणसं नोकरी सोडायचा विचार का करतात?

मे २०२१ मधली गोष्ट. कोकणातल्या आमच्या वाडीतली एक सिस्टर तेव्हा कोविड वॉर्डात ड्युटीला होती. घरी आली की ती पुढच्या दाराने आत यायचीच नाही. थेट मागच्या न्हाणीत जायची. भाणातलं कढत पाणी सासूने बादलीत काढून ठेवलेलं असायचं. कपडे त्यात बुडवायचे, अंघोळ करायची आणि बागेतल्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, जाऊन निजायचं. तिचा चार वर्षांचा मुलगा खळ्याच्या कडेला उभा राहून हाका मारायचा आणि सासू त्याचा हात घट्ट धरून ठेवायची. एका संध्याकाळी मी गडग्यापलीकडून विचारपूस केली, तेव्हा ती म्हणाली, "माका आता जमाचा नाय. राजीनामो लिवन ठेवलेलो आसा."

लेप्टोच्या तापाच्या दिवसांत रात्र रात्र वॉर्डात काढलेली ही बाई. तिला घाबरट म्हणायची माझी छाती नाही. पण त्या दिवसांत असं म्हणणारे पुष्कळ होते: "पगार घेतात ना, मग पळतात कशाला?" या प्रश्नाचं उत्तर संशोधकांनी अनेक वर्षं शोधलं आहे, आणि ते उत्तर 'भीती' या एका शब्दात मावत नाही.

भीती होतीच, आणि ती खरी होती. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण कर्मचाऱ्यांना जेव्हा जेव्हा विचारलं गेलं, तेव्हा स्वतःच्या जिवापेक्षा घरच्यांची काळजी वरचढ असल्याचं पुन्हा पुन्हा दिसलं. कोकणातलं घर म्हणजे एका छपराखाली तीन पिढ्या. वॉर्डातला विषाणू आपल्याच हातून म्हाताऱ्या सासऱ्यापर्यंत जाईल ही धास्ती ड्युटी संपल्यावर सुटत नाही, उलट घर जवळ येईल तशी वाढते.

मग शरीराचा प्रश्न. हा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल कमी बोललं गेलं. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. १ लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने जड असते, त्यामुळे साध्या सुती कपड्यांतही घाम लवकर सुकत नाही. त्यात पीपीई किट घातलं की आतली हवा काही मिनिटांतच बाष्पाने भरून जाते. घाम येत राहतो, ओघळत राहतो, पण वाळत नाही. शरीर पाणी गमावतं आणि थंडही होत नाही. एकदा काढलेलं किट पुन्हा घालता येत नाही, म्हणजे पाळी संपेपर्यंत पाणी नाही आणि लघवीलाही जाणं नाही. म्हणून कित्येक सिस्टर ड्युटीवर जाण्याआधीच पाणी पिणं टाळायच्या. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष टिकवणं जड जातं, असं प्रयोगांतून दिसलं आहे. ५० किलो वजनाच्या बाईच्या बाबतीत हे पाणी भरतं जेमतेम लिटरभर.

आमच्या सिस्टरने त्या संध्याकाळी हात पुढे करून मला बोटं दाखवली होती. दिवसभर चिखलात तरवा लावणाऱ्या बाईची संध्याकाळी होतात तशी, पांढरी आणि सुरकुतलेली. त्याच हातांनी ती दिवसभर शिरा शोधून सलाइन लावत होती.

झोपेचंही तेच. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. दोन पाळ्या जोडून केलेली सिस्टर या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेलेली असते.

पण नुसत्या थकव्याने माणूस नोकरी सोडत नाही. आपल्याकडच्या बाया लावणीच्या दिवसांत अंग मोडेपर्यंत राबतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात उतरतात. मग वॉर्डात वेगळं काय होतं? क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी 'बर्नआउट'ची तीन अंगं वेगळी केली: भावना पार आटून जाणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काहीच चांगलं होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिने त्याला आजार म्हटलेलं नाही. हा फरक मोलाचा आहे, कारण त्याने बोट माणसाकडून कामाच्या जागेकडे वळतं.

आमची सिस्टर एरवी प्रत्येक रुग्णाला आधी विचारायची, "तुमी खंयचे?" गाव कळलं की वाडी, मग ओळखीपाळखी निघायच्या. एप्रिलच्या अखेरीस आपण रुग्णांना 'सात नंबर', 'अकरा नंबर' म्हणायला लागलोय हे तिच्या लक्षात आलं. मला सांगताना तिचा आवाज कापरा झाला होता. तो कोरडेपणा हे मनाने स्वतःभोवती घातलेलं कुंपण असतं. पण आपण असे नव्हतो, हे ज्याला ठाऊक असतं त्याला ते कुंपण टोचतं.

याहून खोल जाणारी एक गोष्ट आहे. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच तिला नाव दिलं. आपण त्याला नैतिक घुसमट म्हणू. योग्य काय ते कळतं, करायची इच्छाही असते, पण व्यवस्था ते करू देत नाही. कोविड आला तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. सावंतवाडी-दोडामार्गकडचा गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचा. साथीत सीमेवर नाके बसले आणि ही वाटही अवघड झाली. जून २०२१ मध्ये राज्यात विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या रूपाचे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांतले ९ एकट्या रत्नागिरीचे. त्याच्या आदल्या महिन्यात, १६ मेच्या सुमारास, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. झाडं रस्त्यांवर आडवी झाली, कित्येक गावांची वीज दिवसेंदिवस गेली. ज्या वॉर्डात माणसांचा श्वास यंत्रावर चाललाय, तिथे जनरेटरच्या आवाजाकडे कान लावून रात्र काढणं म्हणजे काय, याची कल्पना बाहेरून करता येणार नाही. अशा रात्री काही बरं-वाईट झालं, तर 'मी कमी पडले' हे सिस्टरच्या मनात राहतं. खरं तर कमी पडलेली असते खाट, ऑक्सिजन, माणसं.

माणसं कमी असण्याचं गणित तर चक्रवाढ व्याजासारखं आहे. ३० रुग्णांना ६ सिस्टर असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ५ रुग्ण. दोघी आजारी पडल्या की उरलेल्यांकडे साडेसात. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिनाभरात दगावण्याची ७ टक्क्यांनी. एक गेली की उरलेल्यांवर भार, त्या भाराने दुसरीच्या मनात तोच विचार. मे २०२० मध्ये कोलकात्यातल्या खाजगी रुग्णालयांतून शेकडो परिचारिका नोकरी सोडून मणिपूर आणि इतर राज्यांतल्या आपापल्या घरी परतल्या, ती बातमी अनेकांना आठवत असेल.

तरी विचार करणं आणि सोडणं यांत अंतर असतं. विल्यम मोब्ले यांनी १९७७ मध्येच ही वाट पायऱ्यांची म्हणून मांडली: असमाधान, सोडायचा विचार, दुसरीकडे काही मिळेल का याची चाचपणी, पक्का इरादा, आणि मग राजीनामा. प्रत्येक पायरीवरून माणूस मागे फिरू शकतो. कशाने फिरतो, याचा एक चांगला धागा टोरोंटोत सापडतो. २००३ च्या सार्स साथीनंतर एक-दोन वर्षांनी तिथल्या रुग्णालयांतल्या लोकांना तपासलं, तेव्हा सार्सचे रुग्ण सांभाळलेल्यांत बर्नआउट जास्त होतं आणि अनेकांनी रुग्णांमधलं काम किंवा कामाचे तासच कमी केले होते. मात्र ज्यांना आपल्याला पुरेसं प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठबळ मिळालं असं वाटत होतं, ते बरेच सावरलेले होते. मार्च २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, आणि मनापासून वाजवली. पण पाठबळ म्हणजे वेळेवर पगार, हक्काची सुट्टी, मापाचं किट आणि बदली माणूस.

आमच्या सिस्टरच्या बाबतीत ते पाठबळ तिच्या इन्चार्ज बाईंच्या रूपाने आलं. वादळानंतरच्या आठवड्यात त्यांनी तिच्या दोन रात्री स्वतः केल्या आणि तिला म्हणाल्या, "घरी जा आणि नुसती झोप." ती मांगरात अठरा तास झोपली. राजीनाम्याचा कागद कपाटातच राहिला, आजही आहे.

तिच्यासोबत त्याच वॉर्डात एक कंत्राटी मुलगी होती, तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर. सोडायचा विचार आपल्या मनात एकदाही आला नाही असं ती सांगते. लाट ओसरल्यावर तिची पुढची ऑर्डर आलीच नाही. आता ती गोव्यात एका खाजगी दवाखान्यात आहे, आणि इथली ती जागा अजून रिकामी आहे.