ग्रिझली अस्वल : संख्या, शिकार आणि माणसाशी सामना

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतरांगा, दऱ्या आणि टंड्रा प्रदेशात राहणाऱ्या तपकिरी अस्वलाच्या उपजातीस ग्रिझली म्हणतात. शास्त्रीय नाव अर्सस आर्क्टॉस हॉरिबिलिस. या प्राण्याविषयी अमेरिकेत आणि कॅनडात अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. अस्वले किती उरली आहेत, त्यांची शिकार करू द्यावी का आणि माणसांच्या व गुरांच्या सान्निध्यात त्यांना कितपत वावरू द्यावे, हे त्या वादातील तीन प्रश्न वेगवेगळे वाटले, तरी न्यायालयात ते नेहमी एकत्रच उभे राहतात. कारण शिकारीचा निर्णय संख्येवर टेकलेला असतो आणि संख्या मोजण्याच्या पद्धतीवर.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, अलास्का वगळता, आजच्या अमेरिकेच्या पश्चिमार्धात सुमारे ५०,००० ग्रिझली असावीत असा अंदाज केला जातो. वसाहतकरी, मेंढपाळ आणि सरकारी इनाम मिळवणारे शिकारी यांनी बंदूक, सापळा आणि विष वापरून १९३० च्या दशकापर्यंत त्यांचा वावर मूळ क्षेत्राच्या जेमतेम २ टक्क्यांवर आणला. कॅलिफोर्नियाच्या राज्यध्वजावर ग्रिझली आजही आहे. राज्यात मात्र १९२० च्या दशकापासून एकही नाही. १९७५ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या राज्यांत ७०० ते ८०० अस्वले शिल्लक असताना संघराज्य सरकारने संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली त्यांना संरक्षण दिले. पुढे पुनर्वसनासाठी सहा क्षेत्रे ठरवण्यात आली. त्यांपैकी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा परिसर आणि माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा प्रदेश या दोनच ठिकाणी अस्वलांची संख्या ठळकपणे वाढली.

यलोस्टोनमधील मोजणीचा इतिहास पाहिल्याशिवाय हा वाद समजत नाही. तेथील अस्वले कित्येक दशके हॉटेलांच्या उकिरड्यांवर पोसली जात होती आणि पर्यटक तो देखावा पाहण्यासाठी गर्दी करीत. १९५९ पासून फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या शास्त्रज्ञ बंधूंनी या अस्वलांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांचा अभ्यास केला. ऑगस्ट १९६७ मध्ये ग्लेशियर उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या अस्वलांनी दोन तरुणींना ठार केले आणि माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलांचा प्रश्न देशभर चर्चेत आला. यलोस्टोनच्या प्रशासनाने उकिरडे झपाट्याने बंद केले. ते हळूहळू बंद करावेत, नाहीतर भुकेली अस्वले पर्यटकांच्या तळांवर येतील आणि मारली जातील, हा क्रेगहेड बंधूंचा इशारा मानला गेला नाही. पुढच्या काही वर्षांत मोठ्या संख्येने अस्वले मारली गेली. १९७५ साली या परिसरात १३६ च्या आसपास अस्वले राहिली होती, असे सांगितले जाते.

त्यानंतरची मोजणी पिल्ले असलेल्या माद्यांवर आधारलेली होती. ग्रिझलीची मादी साधारण पाच-सहा वर्षांची झाल्यावर प्रथम विते, बहुधा दोन पिल्ले होतात आणि पुढचे वेत साधारण तीन वर्षांनी येते; म्हणून त्या वर्षीची पिल्ले घेऊन फिरणाऱ्या माद्या विमानातून आणि जमिनीवरून मोजल्या की एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी की लांबून एक मादी दुसरीसारखीच दिसते. ठरावीक अंतराच्या आत दिसलेल्या दोन माद्या एकच धरण्याचा नियम सावधपणाचा होता, पण अस्वले दाटीने राहू लागल्यावर त्याच नियमामुळे आकडा खरी वाढ दाखवेनासा झाला. २०२१ मध्ये हे अंतर ३० किलोमीटरवरून १६ वर आणले गेले, गणिती प्रारूपही बदलले, आणि सातशेच्या आसपास रेंगाळणारा अंदाज एकदम हजारापर्यंत गेला. रानात त्या वर्षी नवी तीनशे अस्वले जन्मली नव्हती. ग्लेशियरच्या बाजूला वेगळी पद्धत वापरली गेली : २००४ मध्ये काटेरी तारांत आणि अस्वले अंग घासतात त्या झाडांवर अडकलेले केस गोळा करून, त्यांतील डीएनएवरून कॅथरीन केंडाल यांच्या पथकाने ७६५ अस्वलांचा अंदाज दिला. तो आकडा तोवरच्या समजुतीपेक्षा बराच मोठा होता.

यलोस्टोनच्या अस्वलांचे संरक्षण केंद्राने दोनदा काढले आणि दोन्ही वेळा न्यायालयाने ते परत लागू केले. २००७ च्या निर्णयाविरुद्ध २००९ मध्ये न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी निकाल दिला. त्यातील मुख्य मुद्दा व्हाइटबार्क पाइन या झाडाचा होता. या झाडाच्या चरबीयुक्त बिया हिवाळी निद्रेपूर्वी अस्वलांना पुष्ट करतात. परंतु साल पोखरणारे भुंगेरे आणि बाहेरून आलेला बुरशीजन्य रोग यांनी ही झाडे मोठ्या प्रमाणावर मारली होती. त्याच सुमारास यलोस्टोन सरोवरात कोणीतरी बेकायदा सोडलेल्या लेक ट्राउट माशांमुळे तेथील मूळचे, अस्वलांचे खाद्य असलेले कटथ्रोट ट्राउटही घटले. अस्वल सर्वभक्षी आहे, त्यामुळे ते दुसरे काही शोधेल, असे सरकारी शास्त्रज्ञांचे म्हणणे होते आणि त्याला आधारही होता : उंच डोंगरांवरील दगडांखाली लपणारे आर्मी कटवर्म पतंग एक अस्वल दिवसाला हजारोंनी खाते. परंतु दुसरे खाद्य शोधत अस्वल खाली उतरले, तर ते शिकाऱ्यांच्या आणि गुरांच्या वाटेवर येते.

२०१७ मध्ये संरक्षण पुन्हा काढले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायाधीश डेना क्रिस्टेन्सन यांनी तेही रद्द केले. यलोस्टोनची अस्वले इतरांपासून तुटलेली असल्याने आनुवंशिक विविधतेचा धोका नीट तपासलेला नाही, हे त्यांचे एक कारण होते. दुसरे कारण माझ्या मते या संपूर्ण वादातील सर्वांत मार्मिक होय : उद्या मोजणीची पद्धत बदलली आणि आकडा फुगला, तर शिकारीच्या मर्यादा त्याप्रमाणे पुन्हा बेतल्या जातील अशी हमी कोठेही दिलेली नव्हती. अपील न्यायालयाने २०२० मध्ये निकाल कायम ठेवला आणि मोजणीच्या पद्धतीतील वर सांगितलेला बदल पुढच्याच वर्षी झाला. आनुवंशिक विविधतेचा आक्षेप दूर करण्यासाठी २०२४ मध्ये माँटाना आणि वायोमिंग यांनी उत्तरेकडील दोन अस्वले उचलून यलोस्टोन परिसरात सोडली, तरीही जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेने संरक्षण काढण्याच्या या राज्यांच्या याचिका फेटाळल्या.

शिकारीचा प्रश्न भारतीय वाचकाला काहीसा अपरिचित वाटेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा परवाना ही गोष्ट जवळजवळ संपली. विदर्भात अस्वलाने माणसावर हल्ला केला, तर त्याला पकडण्याचा वा मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकाकडून येतो. अमेरिकेत मात्र वन्यजीवांची व्यवस्था प्रामुख्याने राज्यांकडे असून त्यांच्या वन्यजीव विभागांचा मोठा खर्च शिकार-परवान्यांच्या शुल्कातून आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर बसणाऱ्या करातून भागतो. तेथील शिकारी स्वतःला संवर्धनाचा खर्च उचलणारा मानतो, आणि हे म्हणणे निव्वळ बतावणी नाही.

२०१८ मध्ये वायोमिंगने जास्तीत जास्त २२ आणि आयडाहोने एक ग्रिझली मारण्यास मान्यता दिली. माँटानाने त्या वर्षी शिकार ठेवली नाही. वायोमिंगच्या सोडतीसाठी सुमारे ७,००० अर्ज आले. त्यांत शिकारीला विरोध करणारेही होते : चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी अर्ज भरला आणि वन्यजीव छायाचित्रकार थॉमस मॅन्गेलसन यांचा सोडतीत क्रमांकही लागला. परवाना घ्यायचा आणि बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जायचे, असा त्यांचा बेत होता. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर न्यायालयाने स्थगिती दिली. अनेक आदिवासी राष्ट्रांनीही या शिकारीला विरोध केला होता, कारण त्यांच्या परंपरेत ग्रिझलीला नातेवाइकाचे आणि गुरूचे स्थान आहे.

इतरत्र चित्र वेगळे आहे. अलास्कात सुमारे ३०,००० तपकिरी अस्वले असून तेथे शिकार कायदेशीर आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सुमारे १५,००० अस्वले असतानाही डिसेंबर २०१७ मध्ये ती बंद केली आणि केवळ मूलनिवासी समाजांना अन्न, सामाजिक व धार्मिक कारणांसाठी मुभा ठेवली. त्याच वर्षी प्रांतीय महालेखापरीक्षकांनी मात्र अस्वलांना मुख्य धोका शिकारीचा नसून अधिवास बिघडण्याचा आहे, असे नोंदवले होते. आल्बर्टा प्रांताने २००६ पासून परवान्याची शिकार थांबवली, पण २०२४ मध्ये उपद्रवी ठरलेले अस्वल मारण्यासाठी निवडलेल्या नागरिकांना बोलावण्याची तरतूद केली. टीकाकारांनी तिला मागच्या दाराने आणलेली शिकार म्हटले.

शिकार सुरू झाली की अस्वले माणसाला घाबरू लागतील, हा तिच्या बाजूचा लोकप्रिय युक्तिवाद आहे. तो फारसा टिकत नाही. मेलेले अस्वल काही शिकत नाही आणि ते बहुधा एकटेच असल्याने दुसऱ्यालाही शिकवत नाही. प्रत्यक्षात अनेक जीवघेणे सामने एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या वेळी घडतात. शिकारी पहाटे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, आवाज न करता चालतो, म्हणजे अस्वलाच्या प्रदेशात जे करू नये तेच सारे करतो. शिवाय मारलेल्या एल्कची आतडी रानात पडतात आणि त्यांच्या वासाने अस्वले येतात. ग्रिझलीचा हल्ला बहुधा पिल्लांच्या वा भक्ष्याच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याने अंगावर झेप घेतल्यास पालथे पडून मान झाकावी आणि निपचित राहावे, असा सल्ला दिला जातो. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे.

मिरचीतील कॅप्सेसिन असलेला अस्वल-फवारा १९८० च्या दशकात माँटानात विकसित झाला. अलास्कातील घटनांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के प्रसंगी आवरल्याचे दिसले. बंदुकीवरील नंतरच्या अभ्यासात ती वापरण्याने आणि न वापरण्याने माणसाच्या इजेत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही पुष्कळ शिकारी फवाऱ्याऐवजी पिस्तुलावर भरवसा ठेवतात.

गुरांच्या बाबतीत तडजोड अधिक व्यवहारी झाली आहे. मारल्या गेलेल्या वासरांची भरपाई, मधाच्या पेट्यांभोवती विजेचे कुंपण, मेलेली जनावरे गोळा करून नेणारी गाडी आणि कळपाबरोबर फिरणारे घोडेस्वार हे उपाय माँटानात पशुपालकांनी स्वतः उचलून धरले. तेवढ्याने भागत नाही तेथे अस्वल मारले जाते, आणि शिकारीवर बंदी असूनही ते कायदेशीर असते. वायोमिंगमधील अप्पर ग्रीन रिव्हर या राष्ट्रीय वनातील कुरणात दहा वर्षांत ७२ ग्रिझली मारण्याची मुभा २०१९ मध्ये देण्यात आली. त्यांत माद्या किती असाव्यात यावर मर्यादा घालण्याचा विचारच झाला नाही, हा दोष अपील न्यायालयाने २०२३ मध्ये दाखवला आणि परवानगीचा फेरविचार करण्यास सांगितले.