ठिपक्यांतून ओळखू येणारी चाल

तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी नाशिकहून कितीतरी जण आदल्या रात्रीच पायी त्र्यंबकची वाट धरतात. अंधारात पुढचा माणूस दिसत नाही. मागून गाडीचा उजेड पडला की त्याच्या बुटांवरच्या चकाकत्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. एक वर, एक खाली. तरी क्षणात कळतं, कुणीतरी चाललंय. माझी मावशी उजवा पाय किंचित ओढते. तिचे ठिपके मी घोळक्यातही ओळखतो.

या ओळखीमागे बराच जुना शोध आहे. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि चालण्याच्या लागोपाठच्या अवस्था कॅमेऱ्याने टिपल्या. त्यांना शरीर कसं चालतं ते हवं होतं. पाहणाऱ्याला त्यातलं काय दिसतं, हे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गुनार योहान्सन यांनी तपासलं. १९७३ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे एवढ्याच जागी प्रकाशाचे दहा-बारा ठिपके आहेत, बाकी सगळा काळोख. माणूस स्थिर असेल तर ठिपक्यांचा काही अर्थच लागत नाही. पाऊल उचललं, की माणूस! पुढे त्यांनीच दाखवलं की एवढ्या ओळखीला सेकंदाचा पाचवा हिस्साही पुरतो.

१९७७ मध्ये अमेरिकेत कटिंग आणि कोझलोव्स्की या मानसशास्त्रज्ञांना आढळलं की मित्र एकमेकांना नुसत्या ठिपक्यांवरूनही ओळखतात. दरवेळी नाही, पण निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून जास्त वेळा. अशी चित्रफीत डोकं खाली, पाय वर करून दाखवली तर मात्र डोळे गोंधळतात.

मग हे उपजत की शिकलेलं? मला वाटतं, दोन्ही. अंड्यातून नुकतंच निघालेलं कोंबडीचं पिल्लू सजीवासारख्या हलणाऱ्या ठिपक्यांकडे वळतं, हे २००५ मध्ये इटलीत दिसलं. २००८ मध्ये तिथेच दोन दिवसांच्या बाळांची नजरही अशा ठिपक्यांवर जास्त वेळ रेंगाळली. ‘हे जिवंत आहे’ एवढं आपण जन्मतःच घेऊन येतो. ‘ही मावशी आहे’ हे मात्र तिच्या मागून वर्षानुवर्षं चालून येतं.

रस्त्यावर याचा थेट उपयोग आहे. तेवढीच चकाकती पट्टी छातीऐवजी घोट्यांवर आणि गुडघ्यांवर बांधली, तर रात्री गाडीवाल्याला माणूस जास्त लांबून ओळखू येतो, कारण हलतात ते सांधे. म्हणून फेरीला निघताना मी मावशीच्या पायांना पट्ट्या बांधतो.

“अरे, पोळ्याला अजून वेळ आहे,” ती म्हणते, आणि दुसरा पाय पुढे करते.