प्रिंटर चाकणचा की जर्मनीचा? शाळा, कारखाने आणि ‘विदेशी स्रोत’ या शब्दाची पार्श्वभूमी

चाकणच्या एखाद्या जर्मन मोटार कारखान्याने शेजारच्या गावातल्या शाळेला थ्रीडी प्रिंटर दिला, तर तो कुठून आला म्हणायचं? चाकणहून की जर्मनीहून? पारावरच्या गप्पांत शोभावा असा हा प्रश्न. पण १९७६ पासून २०१६ पर्यंत कायद्याचं उत्तर ठाम होतं: परदेशातून. टेम्पो बारा किलोमीटरच आला असला तरी.

स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) शिक्षणासाठी शाळा आणि परदेशी उद्योग यांच्यात आज जे करार होतात, त्यांची सुरुवात बहुतेक जण २०१६ च्या सरकारी ‘टिंकरिंग’ म्हणजे करून बघण्याच्या प्रयोगशाळांपासून सांगतात. शाळेमागे २० लाख रुपये आणि सुरुवातीच्या नियमांप्रमाणे १५०० चौरस फूट जागा, ही ती योजना. ती महत्त्वाची आहेच. पण त्याच वर्षी दिल्लीत ‘विदेशी स्रोत’ या शब्दाच्या कायद्यातल्या व्याख्येत जो बदल झाला, तो मला जास्त निर्णायक वाटतो.

त्याआधीचं थोडक्यात. हाताच्या कामातून शिकवणारी वर्ध्याची १९३७ ची नई तालीम आणि १९६६ च्या शिक्षण आयोगाचा ‘कार्यानुभव’ सर्वांना माहीत आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत कार्यानुभवाचा तास म्हणजे खडू आणि मेणबत्त्या. शिक्षणातली परदेशी तांत्रिक मदत १९५० च्या दशकात आली, पण ती सरकारांमधली आणि मुख्यतः उच्च शिक्षणापुरती. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत यंत्रं आली, मद्रासच्या आयआयटीत जर्मन. माध्यमिक शाळेच्या फाटकाशी त्यातलं काही थांबलं नाही.

अपवाद पाबळचा. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात १९८३ साली ‘विज्ञान आश्रम’ उभा राहिला आणि आसपासच्या शाळांत आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. वेल्डिंग, शेती-पशुपालन, ऊर्जा, घर-आरोग्य, सगळं. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलांनी केलेलं काम गावकऱ्यांना उपयोगी पडायचं आणि त्याचा खर्च गावकरी द्यायचे. २००२ मध्ये बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठाने अमेरिकेबाहेरच्या आपल्या अगदी पहिल्या ‘फॅब लॅब’पैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक इथे उभी केली. त्या वेळी ‘स्टेम’ हा शब्द अमेरिकेतही नवा होता. जेमतेम वर्षभरापूर्वी तिथल्या एका शासकीय संस्थेने ‘स्मेट’ हे जुनं लघुरूप कानाला बरं वाटेना म्हणून अक्षरं फिरवून तो रुळवला होता. पाबळच्या पोरांना दोन्ही शब्दांची गरज पडली नसावी.

२००९ मध्ये चाकणला दोन जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने सुरू झाले, त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणारे आले. कुशल हात हवेत म्हणून शाळांशी बोलणी सुरू झाली. आणि ती जिथे अडली, त्या जागेचं नाव ‘विदेशी स्रोत’.

परकीय देणग्यांचा मूळ कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. परक्या हाताची धास्ती घेऊनच जन्मलेला. २०१० मध्ये तो नव्याने आला, पण ‘विदेशी स्रोत’ची व्याख्या तशीच रुंद राहिली. कंपनी भारतात नोंदलेली असो, इथे कर भरत असो, तिचं निम्म्याहून अधिक भागभांडवल परदेशी हातात असलं की ती विदेशी स्रोत. ‘देणगी’मध्ये नुसते पैसे नव्हते, वस्तूही होत्या. म्हणजे प्रिंटर, लेथ, सोल्डरिंगची पेटी, सगळं ‘विदेशी अंशदान’, म्हणजे परकीय देणगी. ते घ्यायचं तर संस्थेकडे गृहखात्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. आणि महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा मोठ्या प्रमाणावर खाजगी संस्थांच्या. तालुक्याच्या संस्थेकडे धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं, ही नोंदणी क्वचितच.

मग आला २०१४ चा मार्च. त्या महिन्याच्या २८ तारखेला दिल्ली उच्च न्यायालयाने दोन मोठ्या राजकीय पक्षांनी परकीय देणग्यांचा कायदा सकृद्दर्शनी मोडल्याचं म्हटलं. त्यांनी देणग्या घेतलेल्या कंपन्या भारतात नोंदलेल्या होत्या, पण मालकी परदेशी, म्हणून विदेशी स्रोत. आणि चारच दिवसांनी, १ एप्रिलला, मोठ्या कंपन्यांवरचं सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं, बंधन अमलात आलं. नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर. यादीत शिक्षण आणि व्यवसाय-कौशल्यं ठळकपणे. म्हणजे एक कायदा चाकणच्या कंपनीला म्हणे, शाळेला पैसे द्या. दुसरा शाळेला म्हणे, घेतलेत तर गुन्हा.

त्या काळात एका संस्थेच्या प्रस्तावांचं काम मी करत असे. कंपनीचा अधिकारी चहा पिता पिता वैतागला, “अहो, आम्ही पुण्यात टॅक्स भरतो, परदेशी कसे?” आमच्या सीएंनी फाइल न उघडताच परत सरकवली. “साहेब, नोंदणी नाही. धनादेश घेऊ नका. आणि मशीन तर अजिबात नको, ते डेडस्टॉक रजिस्टरला, सामानाच्या नोंदवहीत चढतं, लपत नाही.” यंत्रं आली नाहीत. शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तेवढं झालं.

सोडवणूक झाली २०१६ च्या वित्त विधेयकात. परकीय गुंतवणुकीची त्या क्षेत्रातली मर्यादा पाळणारी कंपनी यापुढे विदेशी स्रोत नाही, आणि हे २०१० पासूनच लागू. मोटार उद्योगात मर्यादाच १०० टक्के, त्यामुळे चाकण एका फटक्यात देशी झालं. २०१८ मध्ये हीच सवलत मागे १९७६ पर्यंत नेली, लोकसभेत गदारोळात, चर्चेविना. केव्हाच रद्द झालेल्या कायद्यातली व्याख्या बदलण्याचा हा प्रकार शाळांसाठी होता असं कोणी म्हटलं तर हसू येईल. २०१४ च्या निकालातून पक्षांना सोडवायचं होतं. शाळांना त्याचा लाभ मिळाला तो उसाबरोबर एरंडालाही पाणी मिळावं तसा.

लाभ मिळाला हे खरं. पण त्याने भागीदारीचा आकारही बदलला. सीएसआर खर्च भारतातल्याच कामावर करायचा असतो. त्यामुळे पैसा आला, संच आले, भिंतीवर पाटी आली. तिकडच्या शाळेशी, तिकडच्या प्रशिक्षकाशी नातं मात्र अंदाजपत्रकाच्या बाहेर राहिलं. कागदावरची सीमा पुसली आणि तिच्यासोबत पलीकडचा माणूसही. पाबळला यंत्राबरोबर ते वापरणारे आले होते. आता यंत्र येतं, डेडस्टॉकला नोंद होते, मोडलं तर भरपाई कोणाकडून या भीतीने कपाटात जातं. किल्ली मुख्याध्यापकांकडे. पावसाळ्यात प्रिंटरच्या रिळातला धागा दमट होतो आणि हात लावताच तुटतो.

दरम्यान खरोखरच बाहेरून येणाऱ्या पैशांची वाट आणखी अरुंद झाली. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने विदेशी अंशदान एका संस्थेने दुसरीला देणं पूर्ण बंद केलं. दुसरीही नोंदणीकृत असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि पैसे उतरवायचं खातं दिल्लीतल्या एकाच बँकशाखेत. शहरातली मोठी संस्था निधी आणायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेमार्फत शाळांत काम व्हायचं, ही साखळी त्याने तुटली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. पैसा कुठे जातो ते दिसावं, ही सरकारची भूमिका अगदीच निराधार नव्हती. पण ज्यांचे हिशेब स्वच्छ होते तेही त्याच चाळणीत सापडले.

जानेवारी २०२१ च्या सीएसआर नियमांनी एक फट ठेवली: प्रकल्पाची आखणी, देखरेख आणि मूल्यमापन यांसाठी आंतरराष्ट्रीय संस्थेला सोबत घेता येतं. प्रत्यक्ष राबवण्यासाठी नाही. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला, असं सुचवलं होतंच.

आजचा हिशेब असा आहे. चाकणच्या कारखान्याने दिलेला प्रिंटर संस्था गृहखात्याकडे न जाता घेऊ शकते. तोच प्रिंटर जर्मनीतल्या मूळ कंपनीने थेट शाळेच्या पत्त्यावर पाठवला, तर तो खोक्यातून काढायच्या आधी गृहखात्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी दाखवावी लागते.