चर्चच्या जुन्या लॅटिन नोंदींतील संक्षेप : ग्राहकांसाठी माहिती

पूर्वजांचा शोध घेताना कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह वा दफनाच्या जुन्या नोंदी हाती लागतात, तेव्हा बहुतेकांना अडवतात ते अर्धवट लिहून सोडलेले शब्द. ते वाचणे वाटते तितके अवघड नाही, कारण नोंदीचा साचा ठरलेला असतो. रोममध्ये १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथातच नोंदी कशा लिहाव्यात याचे नमुने दिलेले होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, धर्मगुरू, बालकाचा जन्मदिवस, आईवडील, बालकाला दिलेले नाव आणि धर्ममातापिता असा क्रम त्यात आहे. म्हणून तुटक शब्द कोणत्या जागी आला आहे हे पाहिले की, तो काय असू शकतो याचे पर्याय दोन-तीनवर येतात.

सर्वाधिक फसगत महिन्यांत होते. ‘७ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. त्याचप्रमाणे ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर, कारण प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून मोजले जाई आणि सप्टेंबर हा त्यातला सातवा महिना होता. गोव्यातील पोर्तुगीज नोंदी पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण पोर्तुगीज लेखनात ‘७ब्रो’ म्हणजे सेतेंब्रो, अर्थात सप्टेंबरच.

‘फिल.’ एवढेच लिहिले असेल तर तो फिलिउस (मुलगा) की फिलिया (मुलगी), हे त्या शब्दावरून कळत नाही. बालकाचे नाव पाहावे लागते. ‘ओब.’ म्हणजे मृत्यू पावला किंवा पावली, ‘उक्स.’ म्हणजे पत्नी. आईवडिलांची नावे षष्ठीत येतात, म्हणून ‘योसेफी’ म्हणजे योसेफचा. ते आडनाव समजून वंशवृक्षात चढवलेले आम्ही पुष्कळदा पाहतो.

खुणांकडेही लक्ष द्यावे. स्वरावरची आडवी रेघ बहुधा पुढचा ‘म’ वा ‘न’ गाळल्याचे दाखवते, तर पी अक्षराची खाली उतरणारी दांडी छेदणारी रेघ ‘पेर’ असे वाचायची असते. ख्रिस्तोफोरुस हे नाव एक्स आणि पी यांनी सुरू झालेले दिसले तर गोंधळू नये; ती ग्रीक अक्षरे असून त्यांचा उच्चार ‘ख’ व ‘र’ असा आहे.

आमच्याकडे छायाचित्र पाठवताना केवळ आपल्या नोंदीचा तुकडा न कापता संपूर्ण पान, आणि शक्य असल्यास मागचे-पुढचे पानही पाठवावे, कारण तोच धर्मगुरू तोच शब्द दोन ओळी वर पूर्ण लिहून गेलेला असतो आणि अशा एका ओळीने जो उलगडा होतो तो कोणत्याही संक्षेपसूचीने होत नाही. आम्ही दिलेल्या वाचनात गाळलेली अक्षरे चौकटी कंसात असतील. जिथे वाचन शंकास्पद असेल तिथे प्रश्नचिन्ह असेल. अशा जागी दिलेले नाव दुसऱ्या नोंदीचा आधार मिळेपर्यंत कृपया वंशवृक्षात पक्के करू नये.