वीस टनांत एक ग्रॅम

नाशिकच्या निफाड-दिंडोरी द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेली छाटणी, झाली की बागायतदाराला एकच धास्ती असते, वेल माजण्याची. नुसती फूट वाढत राहिली तर काडीत घड धरत नाही. पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड त्याच उन्हाळ्यात काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, तयार होत असतात. म्हणून वेलीला लगाम घालायला वर्षानुवर्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड मारलं जायचं. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे ‘सीसीसी’ म्हणतात. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वेलीत तयार होण्याची साखळी ते सुरुवातीलाच तोडतं. गंमत अशी, की फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर हेच जिबरेलिन, म्हणजे आपलं ‘जीए’, मणी फुगावेत म्हणून घडांना मुद्दाम दिलं जातं. आधी अडवायचं, मग पाजायचं!

2010 च्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत हे सीसीसी सापडलं आणि निर्यात कोलमडली. तिथली द्राक्षांतल्या त्याच्या अवशेषाची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे 20 टन द्राक्षांत एक ग्रॅम.

आपल्याकडे तपासणी नव्हती असं नाही. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था 2006 पासून सुरू होती, ‘रेसिड्यू’ म्हणजे औषधांच्या अवशेषांच्या रिपोर्टशिवाय माल हलत नव्हता. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतं. प्रयोगशाळा सगळं विष शोधते, हा आपला गोड गैरसमज. एकाच झटक्यात शेकडो कीटकनाशकं पकडणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत नमुना सेंद्रिय द्रावकात काढतात. सीसीसी हा पाण्यात सहज विरघळणारा, विद्युतभारित क्षार; तो या जाळ्यातून निसटतो. त्याच्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते, आणि ती लावायची तर आधी कुणाला तरी शंका यावी लागते. उन्हाळ्यात पानांवर मारलेलं औषध ओलांड्यात (वेलीच्या आडव्या फांदीत) आणि खोडात मुरून पुढच्या वर्षीच्या मण्यात उतरेल, ही शंका सहज येणारी नव्हती.

आता 0.05 हा आकडा. ही विषाची रेषा नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला अपाय दिसत नाही, तिला सहसा 100 ने भागून माणसाने रोज, आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मात्रा ठरवतात. सीसीसीसाठी युरोपात ती शरीराच्या किलोमागे 0.04 मिलिग्रॅम धरली गेली. त्या हिशेबाने 50 किलोच्या माणसाने मर्यादेवर असलेली द्राक्षं रोज 40 किलो खाल्ली तरी तो सुरक्षित. मग मर्यादा इतकी खाली का? कारण ती विषापेक्षा वापरावरून ठरते. युरोपात गहू लोळू नये म्हणून हेच रसायन सर्रास वापरतात, आणि तिथे गव्हावरची मर्यादा द्राक्षांच्या कित्येक पट आहे. द्राक्षावर तिथे कोणी ते मारत नाही, म्हणून द्राक्षात ते असायलाच नको. युरोपने ज्या औषधासाठी मर्यादाच ठरवलेली नाही, त्याला तर आपोआप 0.01 लागू होतं.

तरी ‘सगळा युरोपचा कावा’ असं म्हणणं मला पटत नाही. अवशेष मर्यादेच्या 20 पट निघाला, तर 10 किलोच्या लेकराला 400 ग्रॅम द्राक्षांतच ती रोजची मात्रा पुरी होते.

जगासाठी सामाईक मर्यादा ठरवायला ‘कोडेक्स’ आयोग आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 1963 मध्ये उभा केलेला. पण 1995 पासूनचा जागतिक व्यापार संघटनेचा करार शास्त्रीय आधार असेल तर त्याहून कडक नियम करायची मुभा देतो. आणि सैल मर्यादा हवी असेल, तर आपल्याच बागांतल्या चाचण्यांची माहिती घेऊन दार ठोठावावं लागतं. खर्चिक, कंटाळवाणं काम. वीस टनांतल्या एका ग्रॅमवरून पेटणाऱ्या सभेत त्याचं नाव कोणी काढत नाही.

नवा नियम येणार असला की जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, सूचना लागते आणि इतर देशांना हरकती घ्यायला साधारण 60 दिवस मिळतात. ऑक्टोबर छाटणीपासून 60 दिवसांत मण्यात पाणीसुद्धा उतरलेलं नसतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागलेला नसतो. सीसीसी तर त्याच्याही आधी, एप्रिल-मेमध्येच मारून झालेलं असायचं.