वाट चुकणे हे वयाचे लक्षण नव्हे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील वृद्ध व्यक्तीने एकच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारला तरी घरचे तो वयाचा भाग समजून सोडून देतात. वयानुसार ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न सुचणे आणि थोड्या वेळाने सुचणे स्वाभाविक आहे. परंतु सकाळी झालेले बोलणे, आठवण करून दिल्यावरही, झालेच नव्हते असे वाटणे स्वाभाविक नाही; ते स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकते.

स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. हायको आणि एव्हा ब्राक या जर्मन संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवले की, या आजारात चेतापेशींमध्ये साचणाऱ्या टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळ्या मेंदूच्या बाह्यस्तरात प्रथम एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाच्या भागाच्या परिसरात दिसतात. नवे अनुभव साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे माहिती मुख्यतः याच भागातून जाते. म्हणून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तपशीलवार सांगणाऱ्या आजींना आज सकाळी गोळी घेतली की नाही हे सांगता येत नाही, आणि ती दुसऱ्यांदा घेतली जाते.

याच एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या नॉर्वेतील मेंदू-संशोधकांच्या गटाला उंदरांमध्ये विलक्षण पेशी सापडल्या. उंदीर मोकळ्या जागेत फिरत असताना अशी एकेक पेशी ठरावीक ठिकाणीच सक्रिय होते, आणि ती ठिकाणे रेषांनी जोडली तर जमिनीवर समभुज त्रिकोणांची जाळी उमटते. दिवे मालवले तरी ती टिकते. म्हणजे पावलांचा आणि वळणांचा हिशेब मेंदू स्वतःच ठेवत असतो. या शोधासाठी मोझर दांपत्याला २०१४ मध्ये मेंदूतील स्थान ओळखणाऱ्या पेशी आधी शोधणाऱ्या जॉन ओकीफ यांच्यासह नोबेल मिळाले. माणसातही अशा पेशी आढळल्या आहेत. त्यामुळे रोजच्या देवळातून परतताना वाट चुकणे हे धांदरटपणाचे नव्हे, तर याच जाळीला धक्का लागल्याचे लक्षण असू शकते.

पुढे सुट्या पैशांचा हिशेब चुकतो, पुरणपोळीच्या कृतीचा क्रम बिघडतो. अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात, किंवा स्मरणशक्ती वाढवण्याची हमी देणाऱ्या चूर्णांवर विसंबण्यात मोलाचे महिने वाया जातात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडची मंदावलेली क्रिया यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. ही कारणे साध्या रक्ततपासणीत कळतात आणि त्यांच्यावर उपचारही आहेत. तपासणीला जाताना सोबत राहणाऱ्या माणसाने जावे, कारण आपण विसरतो आहोत याची जाणीवच रुग्णाला अनेकदा नसते.