पोस्टकार्ड विनिमय (गृहशिक्षणातील)

निरनिराळ्या देशांतील कुटुंबांशी किंवा अनोळखी सदस्यांशी पोस्टकार्डांची देवघेव करून घरीच शिकणाऱ्या मुलांना भूगोल व लोकजीवन शिकवण्याची पद्धत. मूल स्वतः चार ओळी लिहू लागले की ती सुरू करता येते. चित्राची बाजू लक्ष वेधून घेते हे खरे, पण अध्यापनाच्या दृष्टीने मागची बाजू अधिक मोलाची आहे. पत्ता, तिकीट, तारखेचा शिक्का आणि हस्ताक्षर या चारही गोष्टी एकाच कागदावर असल्याने ठरावीक ठिकाणाहून ठरावीक दिवशी निघालेले ते एक अस्सल साधन ठरते.

उगम : पोस्टकार्डाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. लंडनमध्ये १८४० साली थिओडोर हुक या लेखकाच्या नावे आलेले, हाताने रंगवलेले कार्ड हे उपलब्ध कार्डांपैकी सर्वांत जुने मानतात. पण ते एकट्यादुकट्याचे काम होते. फिलाडेल्फियातील जॉन चार्लटन यांनी १८६१ मध्ये खासगी कार्डाचा स्वामित्वहक्क मिळवला. जर्मन टपाल अधिकारी हाइन्रिख फोन श्टेफान यांनी १८६५ मध्ये कार्ल्सरूह येथील टपाल परिषदेत उघड्या पत्राची कल्पना मांडली. मजकूर कुणीही वाचेल हा आक्षेप आणि महसूल बुडण्याची धास्ती यांमुळे ती मागे पडली. पुढे ऑस्ट्रियातील अर्थशास्त्रज्ञ एमानुएल हेरमान यांनी जानेवारी १८६९ मध्ये व्हिएन्नाच्या एका दैनिकात लेख लिहून, किरकोळ निरोपासाठी कागद, लिफाफा आणि वेळ किती वाया जातो हे दाखवले व वीस शब्दांपर्यंतच्या स्वस्त कार्डाची सूचना केली. ऑस्ट्रिया-हंगेरीने शब्दमर्यादा गाळून १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिले सरकारी कार्ड विक्रीस काढले. ठरावीक दराचे, सर्वांना खुले सरकारी कार्ड ही कसोटी लावल्यास हेरमान यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. कल्पनेचा मान मात्र श्टेफान यांच्याकडे जातो. प्रस्तुत विषयापुरते त्यांचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे : १८७४ च्या बर्न करारामागे त्यांचाच पुढाकार होता. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेला १८७८ पासून जागतिक टपाल संघ हे नाव मिळाले. एका देशाचे तिकीट लावलेले टपाल दुसऱ्या देशात पुन्हा आकार न लावता पोहोचवायचे, ही व्यवस्था त्या कराराने रुळवली.

मागची बाजू मधोमध विभागून डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ मध्ये, तर अमेरिकेत १९०७ मध्ये मिळाली. त्याआधी ती बाजू केवळ पत्त्यासाठी असे. म्हणूनच जुन्या कार्डांवर चित्राच्या कडेने दाटीवाटीने लिहिलेला मजकूर दिसतो.

शैक्षणिक पत्रव्यवहाराचा आरंभही वादाचा आहे. फ्रान्समधील इंग्रजीचे शिक्षक पॉल मियेय यांनी १८९७ च्या सुमारास फ्रेंच व इंग्रज विद्यार्थ्यांच्या पत्रव्यवहाराची योजना चालवली. तिचा हेतू मुख्यतः भाषेचा सराव हा होता. फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातील रने दानिएल या शिक्षकांच्या वर्गाशी सुरू केलेल्या देवघेवीत मुलांनी स्वतःच्या गावाविषयी, कामधंद्यांविषयी आणि हवामानाविषयी लिहिलेला मजकूर जात-येत असे. दोन्ही शाळा एकाच देशातल्या असल्या, तरी आजची पद्धत वृत्तीने फ्रेने यांच्या प्रयोगाला अधिक जवळची आहे.

प्रकार : दोन कुटुंबांची थेट देवघेव, गटातील प्रत्येकाने प्रत्येकाला कार्ड पाठवणे आणि यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) वाटप असे तीन प्रकार प्रचलित आहेत. तिसऱ्यातील सर्वांत परिचित योजना म्हणजे पाउलो मागाल्याइश यांनी जुलै २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू केलेले पोस्टक्रॉसिंग हे संकेतस्थळ. तिथे सदस्याला एक पत्ता आणि देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. कार्ड पोहोचल्यावर प्राप्तकर्ता त्या क्रमांकाची नोंद करतो आणि मग तिसराच कुणी सदस्य आपल्याला कार्ड पाठवतो. आपण जिथे कार्ड धाडले तिथूनच उत्तर येईल अशी मुलाची अपेक्षा असते, ती सुरुवातीलाच दुरुस्त करावी. नव्या सदस्याची एका वेळी पाचच कार्डे प्रवासात असू शकतात. ६० दिवसांत नोंद न झालेले कार्ड या मोजणीतून वगळले जाते, पण त्यानंतर पोहोचले तरी वर्षभरापर्यंत त्याची नोंद होऊ शकते.

खाते पालकाच्या नावे ठेवावे. कार्ड उघडे असते, तेव्हा त्यावर मुलाचे फक्त पहिले नाव लिहावे. वय, दिनक्रम, छायाचित्र टाळावे. शक्य असल्यास टपालपेटीचा (पोस्ट बॉक्सचा) पत्ता द्यावा.

कार्ड लिहिणे : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कार्ड १४० × ९० मिमीपेक्षा लहान आणि २३५ × १२० मिमीपेक्षा मोठे नसावे; शिवाय लांबी रुंदीच्या निदान १.४ पट असावी. चौरस कार्ड या प्रमाणात बसत नाही, त्यामुळे त्याला पत्राचा दर लागू शकतो. पत्ता उजव्या अर्ध्या भागात, देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या रोमन अक्षरांत. जपान, चीन, रशियाकडे जाणाऱ्या कार्डावर पत्ता तिथल्या लिपीतही असला तर वाटप सोपे होते. तो छापून चिकटवावा, मात्र देशाचे नाव रोमनमध्येच ठेवावे. तळाशी सुमारे दोन सेंटिमीटरची पट्टी कोरी सोडावी. वर्गीकरण यंत्र तिथे रेषासंकेत (बारकोड) छापते, आणि मुलांना नेमके तिथेच फूल काढायचे असते. मजकूर त्या पट्टीत उतरला की त्यावर रेषा छापल्या जाऊन शेवटचे वाक्य वाचता येत नाही.

गुळगुळीत कार्डावर जेलची शाई पसरते, म्हणून बॉलपेन वापरावे. पोस्टक्रॉसिंगचा क्रमांक दोन ठिकाणी लिहावा, कारण १ व ७ किंवा ० व ६ यांच्या गोंधळाने नोंदी अडकतात. जाड चिकटचित्रे आणि चमकी लावू नयेत. ती यंत्रात सुटतात.

अर्ध्या कार्डात मुलाच्या अक्षरात तीस-चाळीस शब्द मावतात. ‘तुमच्या देशाबद्दल सांगा’ या विनंतीला ठोकळेबाज उत्तर येते. ‘आज सूर्य किती वाजता मावळला?’, ‘खिडकीतून कोणते झाड दिसते?’ असे प्रश्न थेट देवघेवीत नेमकी माहिती आणतात. यादृच्छिक वाटपात उत्तर दुसऱ्याच कुणाकडून येत असल्याने प्रश्न कार्डावर न विचारता स्वतःच्या परिचयपानावर मांडून ठेवावा.

अध्यापन : आलेल्या प्रत्येक कार्डाची वहीत नोंद ठेवणे हा या पद्धतीचा कणा होय. रकाने असे : पाठवल्याची व मिळाल्याची तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, अंतर, लागलेले दिवस, तिकिटावरचा विषय, समजलेली एक नवी गोष्ट. अंतर सपाट नकाशावर मोजू नये. मर्केटर प्रक्षेपात, म्हणजे नेहमीच्या आयताकृती जगनकाशात, ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात आणि सर्वांत जवळचा मार्ग वाकडा दिसतो. त्याऐवजी पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरावा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर विषुववृत्त सुमारे ९४ सेंमी भरते, म्हणजे १ सेंमी दोऱ्याला साधारण ४२५ किमी. दोरा २२.५ सेंमी भरला आणि कार्डाला २४ दिवस लागले, तर वेग दिवसाला जेमतेम ४०० किमी निघतो. विमान तेवढे अंतर अर्ध्या तासात कापते. मग उरलेला वेळ कुठे गेला, या प्रश्नातून वर्गीकरण केंद्रे, थैली भरेपर्यंतची वाट आणि वळणाचे हवाई मार्ग समोर येतात.

शिक्क्याबाबत सावधगिरी हवी. अनेक ठिकाणी त्यावर गावाचे नव्हे, तर विभागीय केंद्राचे नाव असते. काही तिकिटांवर शिक्का बसतच नाही. म्हणून पाठवणाऱ्याला तारीख व गाव हाताने लिहिण्याची विनंती करावी.

तिकिटावर देशाचे नाव रोमन लिपीत असावे असा संकेत आहे. ब्रिटन तेवढे अपवाद. तिकीट प्रथम त्या देशाने काढल्याने त्यावर केवळ राजा वा राणीची प्रतिमा असते. ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड ही ओळख मुलांना तिकिटांमधून आपोआप होते.

पत्त्याची रचना हा सर्वांत दुर्लक्षित, तरी सर्वांत कसदार धडा आहे. जपानी लिपीतील पत्ता प्रांतापासून सुरू होऊन घराकडे येतो, आणि बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या नावाऐवजी विभागाचे व भूखंडाचे क्रमांक असतात. युरोपातील बहुसंख्य देशांत रस्ता आणि घरक्रमांकच लागतो. अमेरिकेचा पाच अंकी टपाल संकेत (झिप कोड) १९६३ चा. त्यातील पहिला अंक ईशान्येकडे ०, तर पश्चिम किनाऱ्याकडे ९ असा वाढत जातो. भारताचा सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. त्याचा पहिला अंक टपाल विभाग दाखवतो. दहा-बारा पत्ते शेजारी मांडून मुलाला त्यांतले नियम स्वतः शोधू द्यावेत.

मर्यादा : यादृच्छिक वाटपात जर्मनी, रशिया, अमेरिका, तैवान यांसारख्या जास्त सदस्यांच्या देशांतून कार्डे वारंवार येतात. आफ्रिका, मध्य आशिया व पॅसिफिक बेटांवरून क्वचितच येतात. नकाशावर टाचण्या लावल्या की ही विषमता ठळक दिसते, पण तिचा अर्थ लोकसंख्येशी जोडू नये. रिकाम्या खंडांसाठी थेट देवघेव शोधावी लागते. चित्रकार्डे पर्यटकांसाठी छापलेली असतात, त्यामुळे त्यांत किल्ले आणि समुद्रकिनारे भरपूर, तर कारखाने, बाजार व साधी वस्ती अभावानेच. पाठवणाऱ्याचे चार शब्द ही उणीव काहीशी भरून काढतात.

टपालसेवाही आक्रसत आहे : पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने २०२५ अखेर डेन्मार्कमधील पत्रवाटप थांबवले आणि ते काम खासगी कंपनीकडे गेले. कार्ड टाकण्यापूर्वी आपल्या टपाल खात्याने कोणत्या देशांची सेवा तात्पुरती स्थगित केली आहे ते पाहावे.

जतन : तिकीट सोलून काढू नये, शिक्क्यासह ते कार्डाचा पुरावा असते. पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी द्रव्ये शाई व कागद खराब करतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. मांडणी देशवार न करता मिळाल्याच्या तारखेनुसार केल्यास वहीतील नोंदींशी मेळ राहतो.